ठमीची गादी

६ फेब्रुवारी

आई,

वाकून नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत आहे, त्यावरून हाताची सूज उतरली असावी असा सोयीस्कर अर्थ मी काढला आहे. गुडघ्यांबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत, म्हणजे ते दुखत असणार. कानाचं यंत्र पुन्हा खणात गेलं वाटतं. 'त्यातून माणसं कमी आणि भांडी जास्त ऐकू येतात' हे तुमचं वाक्य मी ऑफिसात वाचून दाखवलं, सगळे हसले. एका परीने ते खणात आहे तेच बरं. नाहीतर आपण फोनवर नुसते 'हॅलो, हॅलो' करत बसलो असतो आणि तुमची पत्रं मला मिळाली नसती.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ठमीचे कपडे अजून कपाटातच आहेत. घाई करू नका असं तुम्हीच निघताना म्हणाला होतात, तेव्हा मी घाई करत नाही. गॅलरीतल्या तिच्या कुंड्यांपैकी दोन माझ्या हातून गेल्या. एकीला पाणी कमी पडलं, आणि त्या धसक्याने दुसरीला जास्त झालं.

ऑफिसात धावपळ आहे. प्रकल्पाची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपते. महिनाअखेरीस भागीदारांची बैठक आहे, आणि त्यानंतर निधी देणाऱ्या संस्थेची माणसं येऊन सगळं तपासणार. ठमी असती तर एव्हाना तिने सगळ्यांशी भांडून सगळ्यांशी मिटवलंही असतं. संशोधन तिचं आणि उस्तवारी माझी, ही आमची वाटणी तुम्हाला ठाऊकच आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने गादी आखायची, कारखान्याने ती शिवायची, रुग्णालयाने ती तिथल्या आणि घरोघरच्या रुग्णांखाली घालून बघायची, आणि या तिघांची तोंडं एका दिशेला ठेवायची ती मी. कुणी उशीर केला की गोड बोलायचं, कुणी रुसला की चहाला न्यायचं. ठमी म्हणायची, 'तुझ्या हुद्द्याला व्यवस्थापक म्हणतात, पण काम सगळं थोरल्या जाऊबाईंचं आहे.'

परवा गादीवाले येऊन गेले. म्हणजे आपले कारखानदार. ठमीने ठेवलेलं नाव आता आम्ही सगळे त्यांच्या तोंडावरसुद्धा वापरतो. चहा घेताना त्यांनी पहिल्या भेटीची आठवण काढली. ही गोष्ट तुम्हाला तिने सांगितली होती की नाही कोण जाणे. आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो होतो. हिने चपला काढल्या आणि मांडलेल्या एकेका गादीवर जाऊन चक्क आडवी झाली. विक्रीला उभा असलेला माणूस घाबरून मालकांना घेऊन आला.

"बाई, कुठली पसंत पडली?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," ही छताकडे बघत म्हणाली. "या सगळ्या झोपणाऱ्या माणसासाठी आहेत. मला पडून असलेल्या माणसासाठी हवी आहे."

मग तिने त्यांना बाबांचं सांगितलं. उठून बसलीसुद्धा नाही, तशीच पडल्या पडल्या. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा ती शाळेत होती, आणि तुम्ही दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचात, पाठीला जखम होऊ नये म्हणून. वर्षानुवर्षं, दिवसा आणि रात्री. तुमचं मनगट तेव्हापासून धरलंय ते धरलंयच. 'माझ्या आईसारख्या बाईला रात्रभर झोपता येईल अशी गादी मला करायची आहे,' असं ती म्हणाली. कप्प्यांची गादी, कप्पे नळ्यांनी जोडलेले, रुग्णाने नुसता श्वास घेतला तरी आतली हवा इकडची तिकडे व्हावी, वीज नको, काही नको. गादीवाल्यांनी शेजारची गादी हाताने दाबून बघितली. मग 'करू' म्हणाले. खर्च किती, वेळ किती, काही न विचारता 'करू' म्हणणारा माझ्या नोकरीतला हा एकुलता एक भागीदार.

तुम्ही नावाचं विचारलं आहे. तुम्ही इथे होतात त्या दिवसांत गादीवाल्यांनी तुमचा हात धरून शब्द दिला होता, की गादी बाजारात येईल ती ठमीच्या नावानेच. तुम्ही हे शेजारणीला सांगितलंत, भाचीला सांगितलंत, औषधांच्या दुकानातल्या माणसालाही सांगितलंत, असं पत्रात वाचलं. आई, त्याचं अजून ठरायचं आहे. आकड्यांचा हिशेब चालू आहे. तो झाला की सविस्तर लिहितो. तोवर शक्यतो आणखी कुणाला सांगू नका. तसं कारण काही नाही, अशा कामांना वेळ लागतो इतकंच.

गुडघ्याला शेक घेत जा. थंडी अजून गेलेली नाही.

तुमचा जावई


२७ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. मोजे मिळाले. मापाचे आहेत. सुजलेल्या हातांनी विणलेत म्हणून रागावणार होतो, पण पायांत घातल्यावर राग टिकला नाही.

या वेळच्या पत्रात तुम्ही गादीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. 'कुणाला सांगू नका' असं मी म्हटलं तेव्हाच तुम्हाला काय ते कळलं असणार. तेव्हा आता आडवळणं घेत नाही. हिशेब चालू आहे असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. तो माझ्या पत्राआधीच होऊन गेला होता.

आमच्याकडे आकड्यांचं काम बघणारी एक मुलगी आहे. चष्मा कायम डोक्यावर आणि पेन्सिल केसांत. ठमीची फार लाडकी. तिने मला तिच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि खुर्चीवरच्या फायली उचलून मला बसायला जागा केली. एरवी ती अशी आदबशीर वागत नाही, बसायचं तर फायलींवर बसा म्हणते. 

"गादी चालत नाही," ती म्हणाली.

"कितपत चालत नाही?"

"चालतच नाही. रुग्णालयात साध्या गादीइतकीच. आणि घरी..." तिने चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला. "ज्या घरांत आपली गादी होती, तिथे जखमा जास्त झाल्या. साध्या गादीवाल्या घरांपेक्षा जास्त."

"मऊ गादीने जखमा जास्त कशा होतील?"

"मलाही पटलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं. मग मोठ्या सिस्टरना विचारायला गेले."

मोठ्या सिस्टर म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका. त्या प्रत्येक घरी स्वतः जात होत्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून ती मुलगी माझ्याकडे आली होती. रुग्णालयात नर्स ठरल्या वेळी रुग्णाला वळवतात, मग खाली गादी कुठलीही असो. साधी गादी असलेल्या घरातली माणसं जखमेच्या भीतीने वळवतात. आपली गादी मिळाली त्या घरांतल्या माणसांनी हळूहळू वळवणं कमी केलं. वळवायचं थांबवू नका असं आम्ही प्रत्येक घरी बजावलं होतं. छापूनही दिलं होतं. पण एक सून सिस्टरना म्हणाली, 'एवढी शोधून काढलेली गादी आहे, मग त्यांना कशाला हलवू? हलवलं की कळवळतात.' ती आळशी नव्हती हो. दमली होती. आणि भरवसा ठेवायला तिला काहीतरी मिळालं होतं.

बैठक परवा झाली. लांब टेबल, मधोमध बिस्किटांची बशी, तिला कुणी हात लावला नाही. कॉलेजचे विभागप्रमुख पहिले बोलले. त्यांचं म्हणणं असं की आत्ताच्या अहवालात रुग्णालयाचा भाग द्यावा. घरांचा भाग गुंतागुंतीचा आहे, तो वेगळा, सवडीने लिहावा.

"यात खोटं काही नाही," ते म्हणाले. "आधी काय आणि नंतर काय, एवढाच प्रश्न आहे. रुग्णालयात गादी साध्या गादीहून वाईट नाही, आणि रुग्णांना ती आवडली आहे. एवढ्यावर पुढचा टप्पा मंजूर होतो, गादीवाल्यांचं नवं यंत्र पडून राहत नाही, आणि..." ते माझ्याकडे बघून थांबले. "आणि तिचं नाव राहतं."

मोठ्या सिस्टर टेबलाकडे बघत होत्या. गादीवाले माझ्याकडे.

"तुम्ही म्हणाल ते," गादीवाले मला म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात, तर मी उद्या नावाची पट्टी शिवायला घेतो."

आई, मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. औषधांच्या दुकानातला तो माणूससुद्धा होता, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. मग त्या सुनेचा विचार आला. ही गादी दुकानात गेली, तर अशा किती घरांत जाईल. मी म्हटलं, घरांचा भाग याच अहवालात जाईल, आणि पहिल्या पानावर जाईल.

"तुम्ही व्यवस्थापक आहात, संशोधक नाही," विभागप्रमुख म्हणाले. रागाने नाही, समजावल्यासारखं.

"हो. पण करारानुसार अहवालावर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि घरं वगळलेल्या अहवालावर माझी सही होणार नाही."

बैठक तिथेच संपली. खाली आलो तर गादीवाले त्यांच्या गाडीत बसून होते, गाडी सुरू न करता. मी काच वाजवली. त्यांनी काच खाली केली. डोळे लाल. "आईंना मी शब्द दिलाय हो," म्हणाले. "त्यांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो," असं म्हणून आलो, म्हणून हे पत्र.

तेव्हा गादीला ठमीचं नाव लागणार नाही. गादीच निघणार नाही. तिने ज्यांच्यासाठी ती करायला घेतली त्यांचं दुःख खरं होतं. उत्तर तिला सापडलं नाही. याहून गोड करून मला सांगता येत नाही.

शेवटी ती स्वतः त्याच गादीवर होती, हे तुम्ही पाहिलंच आहे. तिला त्यावर मऊ वाटायचं. आपण तेवढं लक्षात ठेवू या.

तुमचा जावई


१९ मार्च

आई,

तुमचं पत्र आलं. एकच ओळ. 'ठमीला जखम झाली होती का? खरं लिहा.' वर मायना नाही, खाली सही नाही.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की मला कामं आठवायची. नळ गळतोय, कुणाला तरी फोन करायचाय, अहवालात एक स्वल्पविराम चुकलाय. आज रविवार आहे, नळ दुरुस्त झालाय आणि अहवाल छापायला गेलाय.

हो. झाली होती.

रुग्णालयाने आता इलाज नाही, घरी न्या म्हणून सांगितल्यावर तिने पहिली मागणी केली ती तिच्या गादीची. चाचणीतली एक उरली होती. गादीवाले स्वतः घेऊन आले, गुडघ्यांवर बसून त्यांनी एकेक कप्पा हाताने दाबून बघितला. ठमी वर झोपली आणि म्हणाली, "आता कळेल, मी लोकांना काय दिलंय ते." सुरुवातीला ती आपली आपण कूस बदलायची. पुढे जमेनासं झालं. मी वळवायला गेलो की म्हणायची, "हात नको लावूस. हाडं दुखतात. गादीला तिचं काम करू दे."

"तूच घरोघरी सांगायचीस ना, गादी असली तरी वळवा म्हणून?"

"ते लोकांसाठी. ही गादी मी केलीये. मला माहीत आहे ती काय करते ते."

एकदा मी न ऐकता वळवलं. ती अशी ओरडली की वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. त्यानंतर मी जबरदस्ती केली नाही. सिस्टर यायच्या तेव्हा त्यांच्याकडून थोडं वळवून घ्यायची, तेही दात खाऊन. तिचा हट्ट मी तुम्हाला काय सांगू?

चादर बदलताना एका दुपारी मला माकडहाडापाशी लाल डाग दिसला. पुढे तो उघडला. मी सिस्टरना बोलावलं, मलमपट्टी झाली. सिस्टर गेल्यावर ठमीने मला विचारलं, "कशी दिसतेय? नीट सांग." जशी ती इतर रुग्णांबद्दल विचारायची तसंच. रंग कसा, कड कशी, खोल किती. मी सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल.

"तिसरी रांग," ती म्हणाली. "तिथे हवा कोंडतेय. पुढच्या खेपेला नळी रुंद करायला सांग."

मी 'बरं' म्हटलं. पुढची खेप तिला दिसणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

"आणि मला मोजू नका हं. मी चाचणीत नाही," असं म्हणून ती हसली. मीही हसलो. मग तिने मान भिंतीकडे फिरवली. तेव्हा तिला मानच तेवढी फिरवता येत होती. 

माझ्या मते तिला तेव्हाच कळलं होतं. आकडे नंतर आले. पण मी हे तिच्या तोंडून ऐकलेलं नाही, तेव्हा खात्रीने सांगत नाही. अखेरपर्यंत ती नळीबद्दलच बोलत राहिली.

अजून एक आहे. ते आता नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

तुम्ही त्या दिवसांत पत्र पाठवलं होतंत. 'मी येते. मला वळवता येतं, मी बाबांचं केलंय.' मी तिला वाचून दाखवलं आणि म्हटलं, आईंना या म्हणून कळवतो. तिने माझा शर्ट धरला. हातात ताकद नव्हती, तरी धरला.

"आईला बोलवायचं नाही."

"अगं, त्यांना यायचंय."

"तिला यायचंच असणार. तिने बाबांचं केलं, तेव्हा मी बघत होते. शाळेतून आले की ती उभ्या उभ्या झोपलेली असायची, स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून. ही गादी मी कुणासाठी केली रे? तिला परत त्याच कामाला उभं करायचं, आणि तेही माझ्यासाठी? मग इतकी वर्षं मी काय केलं?"

 मी तुम्हाला लिहिलं, 'गादी आहे, सगळं ठीक आहे, प्रवासाची दगदग करू नका.' तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि मगच पाकिटात घालू दिलं. शेवटी शेवटी तुम्हाला निरोप गेला आणि तुम्ही आलात, तेव्हा ती बोलत नव्हती. तुम्ही तिच्या केसांतून हात फिरवत बसला होतात. चादर मी आधीच चारही बाजूंनी नीट खोचून ठेवली होती. तुम्ही ती वर करून बघू नये म्हणून.

आता माझ्याजवळ सांगायचं काही राहिलेलं नाही.

तुमचा


११ एप्रिल

आई,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं.

लग्न झाल्यापासून मी तुम्हाला किती वेळा म्हटलं असेल, मला अहो-जाहो करू नका, संकोच होतो. तुम्ही कधी ऐकलं नाहीत. आता पहिल्यांदा तुम्ही मला 'तू' म्हणालात, आणि ते असं. 'तू मला बोलवायला हवं होतंस. ती काहीही म्हणो. ती माझी मुलगी होती, तुमचा प्रकल्प नव्हती. ती ओरडली असती तर ओरडू दिलं असतं मी. मला ऐकू येतंच कुठे?'

तिथून पुढे मला वाचता येईना. मी पत्र टेबलावर ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पुढचं संध्याकाळी वाचलं.

मी माझी बाजू मांडत नाही. शेवटी तुम्ही विचारलं आहे, 'त्या अहवालाचं पुढे काय झालं?' त्याचं तेवढं उत्तर देतो.

परीक्षण झालं. निधी देणाऱ्या संस्थेच्या एक बाई आल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती, सारख्या गोळ्या चघळत होत्या. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग परत वाचलं. विभागप्रमुखांना विचारलं, तुम्हाला हे मान्य आहे का? ते म्हणाले, "सही केलीये मी." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण सही केली होती, हेही खरं.

बाईंनी मला विचारलं, "गादी ज्यांनी आखली त्या आज नाहीत का बैठकीला? त्यांचं मत ऐकायला आवडलं असतं."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.  मी सांगितलं. त्या खजील झाल्या, पुन्हा पुन्हा माफी मागायला लागल्या. त्यांना सावरावं म्हणून मी म्हटलं, "ती आज असती ना, तर नळी रुंद करा म्हणाली असती." आकडेवाली मुलगी खुदकन हसली आणि लगेच उठून बाहेर गेली. बराच वेळ परत आली नाही.

पुढचा टप्पा मिळाला नाही. आम्ही मागितलाही नव्हता. बाई म्हणाल्या, झालेलं काम वाया गेलं असं समजू नका, निदान दुसरं कुणी हीच गादी करायला जाणार नाही. त्या मनापासून बोलत होत्या. मी आभार मानले. बाहेर येऊन मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "चला, आता गाद्या परत आणायच्या."

त्याचा मी विचारच केला नव्हता. ज्या घरांत गाद्या होत्या तिथे त्या ठेवून चालणार नव्हतं. सिस्टर आणि मी गादीवाल्यांची गाडी घेऊन एकेक घर फिरलो. पत्र पाठवून काम भागलं असतं, पण सिस्टर म्हणाल्या, दिल्या तेव्हा घरी जाऊन दिल्या, घेतानाही घरी जाऊनच घ्यायच्या.

बहुतेकांनी मुकाट्याने दिल्या. एका घरी मात्र म्हातारे गृहस्थ दारातच उभे राहिले. बायको आत अंथरुणाला खिळलेली, घरात दोघंच. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता हात थरथरतात.

"का नेताय?" त्यांनी विचारलं. "तिला बरं वाटतं हिच्यावर."

सिस्टरनी त्यांना सगळं समजावलं. आत जाऊन वळवायचं कसं ते दाखवलं. आधी गुडघा वाकवायचा, मग खांद्याला आणि कमरेला हात, एकदम ओढायचं नाही. त्यांनी करून बघितलं. बाईंचं अंग जड, त्यांच्याने ते अर्धंही होईना. ते पलंगाच्या कडेला बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मी दिवसातून एकदा करीन. फार तर दोनदा. रात्री कोण करेल? तुम्ही येणार आहात का?"

  सिस्टरनी रुग्णालयातून कुणाला तरी दिवसाआड पाठवायचं कबूल केलंय, आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. पण दिवसाआड म्हणजे दिवसाआड. गादी गुंडाळून जिन्याने खाली आणताना मला वाटलं, ठमीने विचारलेला प्रश्न अजून तसाच पलंगाच्या कडेला बसलाय. आम्ही त्याचं उत्तर घेऊन गेलो आणि तेच उचलून परत आणलं.

गाडीत बसल्यावर सिस्टर म्हणाल्या, "रडायचं तर रडा, मी तिकडे बघते." मी रडलो. ती गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

गादीवाल्यांनी सगळ्या गाद्या कारखान्याच्या मागच्या खोलीत ठेवल्यात. मोडीत काढणार नाही म्हणतात, आणि विकणारही नाही म्हणतात. त्यांनी तुमचा पत्ता मागितला, मी दिला. त्यांचं पत्र आलं तर दोन ओळी लिहा, त्यांचा शब्द मोडायला मी लावला आहे.

आमचं ऑफिस रिकामं झालं. टेबलं दुसऱ्या विभागाने नेली. आकडेवालीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, जाताना माझ्या पाया पडली आणि डोक्यावरचा चष्मा खाली पडून फुटला, मग दोघांना हसू आलं. मलाही नवा प्रकल्प दिलाय, रस्त्यावरच्या दिव्यांचा. पुन्हा तीन भागीदार, पुन्हा करार, पुन्हा बिस्किटांची बशी. पुढच्या महिन्यात सुरू होईल.

त्याआधी मी तुमच्याकडे येतो आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीने. तुम्ही लिहिलंय, 'यायचं तर ये. मी तुझ्याशी बोलेन की नाही, माझं मलाच माहीत नाही.' बोलला नाहीत तरी चालेल. भांडलात तर ऐकून घेईन. ठमीने सांगितलं म्हणून मी तसं केलं, हे वाक्य माझ्या तोंडून तुम्हाला पुन्हा ऐकावं लागणार नाही. ती आजारी होती, तिला तिच्या आईची दया आली. मी धडधाकट होतो. तुम्ही यायला तयार होतात आणि तुमचं पत्र माझ्या हातात होतं. ती चार दिवस माझ्यावर रुसली असती, आणि तुमच्या हाताखाली झोपली असती.

दार उघडं ठेवू नका, उन्हाच्या झळा येतात. मी कडी वाजवीन. तुम्हाला ऐकू आली नाही तर शेजारणीला हाक मारीन, आणि तीही घरी नसली तर पायरीवर बसून राहीन. मला कुठे जायची घाई नाही.

ज्याने तुम्हाला बोलावलं नाही, तो
तुमचा जावई